विंध्याच्या कड्यावर आधी उतरण, मग चढण

पुण्या-मुंबईकडचे पाहुणे इंदूरला आले की हमखास विचारतात, "तुमच्याकडे डोंगर कुठे आहेत?" शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, आजूबाजूला सपाट काळी शेतं. डोंगर दिसत नाही, कारण आपण त्याच्या माथ्यावरच राहतो. महू, सिमरोल, मानपूर ओलांडलं की माळव्याचं पठार संपतं आणि विंध्याचा कडा खाली निमाडाकडे, नर्मदेच्या खोऱ्यात उतरतो. पातालपाणी, तिंछा, शीतलामाता हे धबधबे म्हणजे पठारावरचं पाणी त्या कड्यावरून खाली कोसळण्याच्या जागा.

म्हणून इथल्या भटकंतीचं गणित सह्याद्रीपेक्षा उलटं आहे. गडावर जाताना दमछाक आधी होते आणि परतीला उतार मिळतो. आपल्याकडे सकाळी ताजेतवाने असताना उतरायचं आणि दुपारी, ऊन डोक्यावर आलेलं, बाटली रिकामी, पोरं कुरकुरतायत, अशा वेळी चढायचं. जानापाव हा अपवाद. चंबळ जिथे उगम पावते ती ही टेकडी साधारण ८५० मीटर उंच आहे, तिथे आधी चढ येतो. बाकी चोरल, काळाकुंडच्या बाजूला कुठल्याही खोहात, म्हणजे खोल दरीत, उतरायचं असेल तर हिशेब परतीपासून मांडायचा.

मांडायचा कसा? सपाटीवर धडधाकट माणूस तासाला चार-पाच किलोमीटर चालतो. पावसाळ्यातल्या निसरड्या वाटेवर, मुलं आणि पन्नाशीपुढची मंडळी बरोबर असतील तर दोन किलोमीटर धरा. शिवाय उतरायला एक तास लागला तर चढायला दीड ते दोन तास राखून ठेवा. पाणी माणशी तीन लिटर. त्यातला एक लिटर संपला की धबधबा समोर दिसत असला तरी मागे फिरायचं, कारण चढणीला दुप्पट पाणी लागतं. ओआरएसची एक लिटरची पुडी बरोबर असेल तर अख्खी पुडी एक लिटर पाण्यात घाला. ग्लासभर पाण्यात पुडी कालवून "चांगलं कडक" करणारे बरेच भेटतात. त्यानं क्षारांचं प्रमाण वाढतं, उलटी होते आणि अंगातलं पाणी आणखी कमी होतं.

उजेडाचाही हिशेब ठेवावा लागतो. जुलैत इंदूरला सूर्य सव्वासातच्या सुमाराला मावळतो, डिसेंबरात पावणेसहाला. पण खोहाच्या तळाशी त्याच्या तासभर आधीच अंधारून येतं. म्हणून हिवाळ्यात दुपारी अडीचला आणि पावसाळ्यात साडेतीनला जिथे असाल तिथून परत. हेडलँप मात्र प्रत्येकाकडे हवा. मोबाइलच्या टॉर्चनं एक हात अडकतो, आणि चढताना दोन्ही हात लागतात.

पाणी न सांगता येतं

इथल्या वाटांवर माणसं दमून मरत नाहीत, पाण्यात मरतात. जुलै २०११ मध्ये पातालपाणीला धबधब्याच्या वर खडकांवर बसलेली माणसं अचानक आलेल्या लोंढ्यात अडकली आणि वाहून गेली. ती चित्रफीत देशभर पाहिली गेली. त्यानंतरही दर पावसाळ्यात लोक त्याच खडकांवर बसून कणसं खाताना दिसतात, कारण डोक्यावर आभाळ कोरडं असतं.

पाऊस तुमच्या डोक्यावर पडायची गरजच नसते. धबधब्याचं पाणी वरच्या पठारावरून येतं. महूच्या बाजूला अर्धा तास जोरदार सर झाली तरी खाली लोंढा येतो, आणि तेव्हा खाली कदाचित ऊन पडलेलं असेल. यात काळ्या मातीचा मोठा हात आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, म्हणून जूनमधले पहिले पाऊस ती पिऊन टाकते आणि नाले शांत राहतात. जुलैच्या मध्यापर्यंत माती फुगते, भेगा मिटतात, आणि मग पडेल ते पाणी सरळ नाल्यात धावतं. त्यामुळे "जूनमध्ये एवढ्याच पावसात काही झालं नव्हतं" हा अनुभव ऑगस्टमध्ये उपयोगाचा नाही.

लोंढ्याआधी काही खुणा दिसतात. स्वच्छ पाणी एकाएकी चहाच्या रंगाचं होतं. पाण्याबरोबर काटक्या, पालापाचोळा, फेस वाहून येऊ लागतो. आवाज जाडसर होतो. मघाशी कोरडा असलेला दगड आता ओला दिसतो. यातली एकही खूण दिसली तर सामान गोळा करत बसू नका, जवळच्या काठानं सरळ वर चढा. काठाच्या कडेनं खाली पळणं ही नेहमीची चूक. पाणी तुमच्यापेक्षा वेगानं येतं. नदीच्या मधल्या खडकावर बसायचंच नाही, कितीही सुंदर फोटो येत असला तरी. एक काठ धरून ठेवावा, आणि तोही परतीच्या बाजूचा, म्हणजे पाणी वाढलं तरी घराकडची वाट तुटत नाही.

नाला ओलांडताना हातात उंचीएवढी काठी हवी. आधी काठी टेकायची, मग पाऊल. तोंड प्रवाह जिकडून येतो तिकडे, चाल तिरकी, सॅकचा कमरेचा पट्टा सोडलेला, म्हणजे पडलात तर ती काढून टाकता येते. वाहतं पाणी गुडघ्याला लागलं, किंवा तळ दिसत नसला, तर ओलांडायचं नाही. मुलाला खांद्यावर घेऊन तर नाहीच. तोल वर जातो आणि दोघं पडतात. अडकलात तर थांबा. इथले नाले छोटे आहेत, वर पाऊस थांबला की काही तासांत उतरतात. उशीर होईल, घरचे ओरडतील, ते परवडतं.

धबधब्याखालच्या कुंडात पोहायला उतरणाऱ्यांसाठी: तळाला कपारी असतात, पाणी तिथे आत ओढतं, आणि पोहणारा भर उन्हातून गार पाण्यात गेला की धाप लागून पहिल्याच मिनिटात गडबडतो. कोणी बुडत असेल तर उडी मारू नका. बुडणारा घट्ट मिठी मारतो आणि मग दोन जण जातात. काठी पुढे करा, दोन-तीन ओढण्या गाठी मारून फेका, झाकण लावलेल्या रिकाम्या मोठ्या बाटल्या फेका. पावसाळ्यात अशा काही ठिकाणी जिल्हा प्रशासन जायला बंदी घालतं. तिथे मागच्या शेतातून चोरवाट दाखवणारे शोधू नका.

कातळ, मुरूम आणि काळी माती

पायाखाली तीन गोष्टी असतात, तिन्ही वेगळ्या तऱ्हेनं दगा देतात. ओल्या कातळावर शेवाळं चढतं आणि सपाट तळाचे स्पोर्ट शूज तिथे साबणावर ठेवल्यासारखे सरकतात. तळाला चार-पाच मिलिमीटर खोल खाचा असलेला, मऊ रबराचा बूट घ्या. मुरूम म्हणजे झिजलेल्या कातळाचे गोटीएवढे खडे. उतारावर ते पायाखाली घरंगळतात. तिथे गुडघे किंचित वाकवून, आडवं वळून, छोटी पावलं टाकायची. मागे रेलून उतरणारा आधी बसतो, मग घसरतो. काळी माती तर बुटाला चिकटून दोन-दोन इंच थर धरते, खाचा बुजतात आणि चांगला बूटही गुळगुळीत होतो. दर थोड्या वेळानं काठीनं खरवडून काढावी.

कड्याच्या टोकाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सेल्फीवाल्यांना हे ठाऊक नसतं. विंध्याचा हा भाग ज्वालामुखीच्या लाव्ह्याच्या एकावर एक थरांचा बनलेला आहे. काही थर टणक, काही भुसभुशीत. भुसभुशीत थर पाण्यानं आधी झिजतो आणि वरचा टणक थर पुढे आलेल्या छज्जासारखा लोंबत राहतो. वर उभं राहिल्यावर पायाखाली पोकळी आहे हे कळत नाही. त्यात ऑगस्ट-सप्टेंबरात गवत कंबरेएवढं वाढतं, कडा नेमका कुठे संपतो तेही दिसत नाही. टोकापासून तीन मीटर आत थांबावं. कठडा असेल तर तो ओलांडायचा नाही, आणि त्यावर बसायचंही नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाट कोरडी होते आणि मग कुसळं सुरू होतात. ती मोज्यात घुसली की पुढची दोन तासांची चाल त्रासाची. उंच मोज्यांवर गुळगुळीत कापडाची पँट घातली तर बरीचशी चिकटत नाहीत.

वाट कोणाची

ह्या वाटा ट्रेकिंगसाठी कोणी आखलेल्या नाहीत. भिल, भिलाला वस्त्यांमधून शेताकडे, पाण्याकडे, जंगलाकडे जाणारी ती रोजची वहिवाट आहे. डोक्यावर मोळी घेतलेली बाई समोरून आली तर आपण बाजूला व्हायचं, ती नाही. चढून येणाऱ्याला उतरणाऱ्यानं वाट द्यायची, कारण चढणाऱ्याची लय तुटली की पुन्हा बसायला वेळ लागतो. गुरांचा कळप आला तर डोंगराच्या बाजूला सरकून स्तब्ध उभं राहा. दरीच्या बाजूला उभं राहिलात तर म्हशीचा एक धक्का पुरतो. वासराशी खेळायला जाऊ नका, गाय मागेच असते. गावची कुत्री भुंकली की पळायचं नाही. थांबा, नजर खाली, हळूहळू निघा. आपला पाळलेला कुत्रा असेल तर पट्टा हातात, सुटा नाही. शेळीच्या करडाला एकदा तोंड लावलं की भांडण होणारच, आणि त्यात चूक आपलीच असते.

शेतातून वाट असेल तर बांधावरून चालायचं. जुलै ते सप्टेंबर शेतात सोयाबीन असतो. वाटेत चिखलाचं डबकं आलं की लोक त्याला वळसा घालतात, मागचे त्याहून मोठा वळसा घालतात, आणि महिनाभरात पायवाट चार हात रुंद होऊन सोयाबीनच्या दोन ओळी तुडवलेल्या असतात. डबक्यातूनच जा. बूट तसेही ओले होणार आहेत.

वस्तीत कोणी दिसलं तर राम-राम करा आणि विचारा, "काका, नाले में पानी कैसा है?" हवामानाच्या ॲपपेक्षा हे उत्तर जास्त कामाचं. फोटो काढण्याआधीही विचारा, विशेषतः बायका-मुलांचे. आणि ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा. ह्यात शिष्टाचाराचा भाग आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे गाणं चालू असलं की पाण्याचा बदललेला आवाज, वरून सुटलेला दगड, मागून येणारी मोटरसायकल, काहीच ऐकू येत नाही.

गट दहा-बारा जणांचा असावा. चाळीस जणांची सहल असेल तर चार गट करा, मध्ये पंधरा मिनिटांचं अंतर. पुढे वाट माहीत असलेला एक, मागे अनुभवी एक, आणि पुढच्याच्या लगेच मागे सर्वांत हळू चालणारा. तो मागे पडला की सगळे पुढे जाऊन थांबतात, तो धापा टाकत पोचतो आणि त्याच क्षणी बाकीचे उठून चालू लागतात. त्याला विश्रांती कधीच मिळत नाही. फाटा आला की मागचा दिसेपर्यंत पुढच्यानं हलायचं नाही.

रुळांवरून चालणं

पातालपाणी ते काळाकुंड ही मीटर गेजची घाटातली वाट फोटोंमुळे फार प्रसिद्ध आहे आणि बरेच गट ती सरळ रुळांवरून "ट्रेक" करतात. रेल्वे कायदा १९८९च्या कलम १४७ प्रमाणे हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. कायदा बाजूला ठेवला तरी बोगद्यात भिंत आणि गाडी यांत माणूस उभा राहील एवढी खात्रीची जागा नसते, पुलावर पळायला बाजूच नसते, आणि वळणांमुळे गाडीचा आवाज फार उशिरा येतो. "आज गाडी नाही" यावरही भरवसा ठेवू नका. कामाच्या गाड्या वेळापत्रकात नसतात. हा घाट बघायचा असेल तर डिसेंबर २०१८ पासून चालणाऱ्या हेरिटेज गाडीचं तिकीट काढा. ती कधी धावते ते ऋतूप्रमाणे बदलतं, आधी चौकशी करा. काळाकुंडचा कलाकंद तसाही गाडीनं गेलं तरी मिळतोच.

दाल-बाफले आणि राख

माळव्यात सहल म्हटली की दाल-बाफले (कणकेचे भाजलेले गोळे), आणि बाफले म्हणजे कंड्यांचा जगरा, गोवऱ्यांचा विस्तव. त्याला नाक मुरडण्यात अर्थ नाही. पण राखीव जंगलात आग पेटवणं हा १९२७च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि फेब्रुवारीनंतर सागाची वाळलेली पानं घोटाभर साचतात तेव्हा तर एक ठिणगी पुरते. गावात कोणाच्या तरी अंगणात, विचारून, सरपणाचे पैसे देऊन बाफले करा. नाहीतर घरून भाजून न्या, तुपात बुडवलेले असतील तर दुपारपर्यंत छान राहतात.

जगरा विझवणं हे लोकांना वाटतं तेवढं सोपं नसतं. कंडा वरून राखाडी झाला तरी आत तासन्‌तास धुमसतो. वरून माती लोटून गेलात तर आग झाकली जाते, विझत नाही. वारा माती उडवतो आणि संध्याकाळी गवत पेटतं. आधी कंडे काठीनं फोडा, पसरा, मग पाणी घाला, ढवळा, पुन्हा पाणी घाला. उलट्या हाताचा पंजा राखेच्या जवळ नेऊन बघा, ऊब लागत असेल तर आणखी पाणी. ऊब गेल्याशिवाय निघू नका. एवढं पाणी आणायची सोय नसेल तर पेटवायचंच नाही.

कचऱ्याबद्दल इंदूरकरांना शिकवायला नको. २०१७ पासून स्वच्छतेचा पहिला नंबर मिरवणारं शहर, घरात ओला-सुका वेगळा. तरी तीच मंडळी तिंछ्याला सेव-परमलच्या पुड्या आणि लहान मुलांचे डायपर झुडपात टाकून येतात, कारण तिथे सकाळी गाणं वाजवत येणारी गाडी नसते. दोन पिशव्या न्या, सुक्याची एक, ओल्याची एक. संत्र्याची सालं "माती होतील" म्हणून फेकू नका. माती व्हायला महिने लागतात, तोवर वानरं त्यांच्या मागे येतात आणि पुढच्या गटाच्या हातातली पिशवी ओढतात. शौचाला पाण्यापासून साठ-सत्तर पावलं लांब जा, वीतभर खोल खड्डा करा, बुजवा. टिश्यू आणि पॅड पिशवीतून परत.

माश्या, साप, बिबट्या

कड्याच्या कपारीत लोंबणारी मोठी काळपट पोळी ही आग्या माश्यांची असतात. धूर, अत्तर, आरडाओरडा आणि अलीकडे ड्रोन यांनी त्या खवळतात. उठल्याच तर डोकं-तोंड ओढणीनं झाका आणि दूर पळत सुटा. हातवारे करू नका, पाण्यातही उडी मारू नका. त्या वर घिरट्या घालत थांबतात. लांब गेल्यावर काटे नखानं खरवडून काढा. डंख दहा-पंधराहून जास्त असतील तर थेट दवाखान्यात. ओठ-घसा सुजायला लागला, श्वास अडखळला, तर एका डंखानंतरही.

साप चावला तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं यांतलं काहीही करायचं नाही. अंगठी, घड्याळ, पैंजण लगेच काढा, कारण सूज येते. चावलेला हात किंवा पाय हाड मोडल्यासारखा फळीला बांधून हलता न ठेवता माणसाला उचलून न्या, चालवू नका. चावल्याची वेळ लिहून ठेवा. साप पकडून किंवा मारून नेण्याची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं. वाटेतल्या जवळच्या सरकारी रुग्णालयात किंवा इंदूरचं एमवाय, म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालय, गाठा.

बिबटे रालामंडलपासून चोरलपर्यंत आहेत आणि बहुतेक वेळा आपल्याला बघून आधीच निघून गेलेले असतात. तिन्हीसांजेला मुलांना गटाच्या मध्ये ठेवा. समोर आलाच तर पळू नका, वाकू नका, हात वर करून मोठं दिसा आणि तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरा.

निघण्याआधी

खोहात मोबाइलला रेंज नसते. नकाशा घरीच डाउनलोड करा. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. रेंज नसली तर एकानं जखमीजवळ थांबायचं आणि दोघांनी पठारावर चढून फोन करायचा, एकट्याला कधीच पाठवायचं नाही. फोनवर "धबधब्याजवळ" असं सांगून भागत नाही. जवळच्या गावाचं नाव, गाडी कुठे लावली आहे ते, आणि नकाशावरचे अक्षांश-रेखांश सांगा. गाडी गावच्या रस्त्यावर अशी लावा की ट्रॉलीसकट ट्रॅक्टर निघेल, कारण त्याच रस्त्यानं रुग्णवाहिकाही यायची असते.

घरी एका माणसाला चार गोष्टी लिहून द्या: कुठल्या गावातून उतरणार, किती जण, किती वाजेपर्यंत वर येणार, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ लावायचा. वर पोचल्यावर, पोह्यांची गाडी शोधण्याआधी, त्याला फोन करा. नाहीतर तुम्ही राजवाड्यावर असाल आणि पोलीस रात्रभर खोहात टॉर्च घेऊन तुम्हाला शोधत असतील.